‘गेला’ म्हणण्याआधी...

दिवाळीच्या आवराआवरीचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमाराला खालून ‘भंगाऽऽर, रद्दीऽऽ’ अशी हाळी आली आणि पाठोपाठ समोरच्या वहिनी जिन्यावरून काहीतरी जड घेऊन उतरताना दिसल्या. बघते तर कॉम्प्युटरचा सीपीयूचा डबा!

‘‘वहिनी, अहो काय झालंय त्याला?’’

‘‘गेलाय हो तो! दोन वर्षं झाली. बटण दाबलं की नुसता टूंऽऽ टूंऽऽ करत बसतो, पडद्यावर काहीच येत नाही. भंगारवाला तीनशे देतोय, जागा तरी मोकळी होईल.’’

हातातला झाडू टाकून मी खाली पळाले. तीनशे रुपये मी देते म्हटलं आणि डबा आमच्या घरात आणला. आमच्या ह्यांनी पेपरमधून मान वर केली, ‘‘अजून एक?’’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. संसाराला चोवीस वर्षं झाली की माणूस शहाणा होतो!

दुपारी डबा उघडला. आत धुळीची गोधडी. ती रंगाच्या ब्रशने झाडली, रॅमची पट्टी हलकेच काढली, तिची सोनेरी कडा मुलाच्या जुन्या खोडरबरने पुसली आणि ‘टक’ आवाज होईपर्यंत पुन्हा बसवली. बटण दाबलं. टूं टूं बंद! पडदा उजळला, पण तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची. म्हणजे आतला बटणाएवढा सेल संपलेला. तीन व्होल्टचा चपटा सेल असतो हो. मिळतो कोपऱ्यावरच्या दुकानात. तो बदलला की झालं. दोन वर्षं ‘गेलेला’ कॉम्प्युटर अर्ध्या तासात परत आला.

हा माझा छंद. कुणी भरतकाम करतं, कुणी बोन्साय लावतं, मी बंद पडलेली यंत्रं उघडते.

मी इंजिनियर वगैरे काही नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन सांगलीत आले आणि महिला मंडळाच्या कामात रमले. २००५ साली आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला. जुळवून घेतलेला, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘असेम्बल्ड’. २५६ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि टीव्हीसारखा पोट सुटलेला मॉनिटर. आठवतं का तुम्हाला? त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, धुळीपासून जपायला प्लॅस्टिकचं कव्हर, कव्हरवर क्रोशाचा रुमाल. खंडेनवमीला त्याची पूजा. सासूबाई हळद-कुंकवाचं बोट लावायच्या आणि झेंडूचं फूल नेमकं सीडीच्या कप्प्यावर ठेवायच्या. या सगळ्यात माझं काम काय, तर कव्हर धुणं!

मग २००८ च्या पावसाळ्यात तो बंद पडला. दुरुस्तीवाला मुलगा आला. दारातच विचारलं, ‘‘साहेब नाहीत का?’’ मी म्हटलं, नाहीत, मला सांगा. तो काही सांगेना. चहा प्यायला, बटण दोनदा दाबलं आणि म्हणाला, ‘‘मदरबोर्ड गेलाय. साडेचार हजार. साहेबांना फोन करायला सांगा.’’

तो गेल्यावर मी सहज पुन्हा बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ आली. मी कला शाखेची, समोर अक्षरं दिसली की वाचल्याशिवाय राहवत नाही. अर्थ सरळ होता : हार्ड डिस्क सापडत नाही. अरे, हे यंत्र तर बोलतंय! शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रू ड्रायव्हर घेतला, वायर काढली, बाजूचा पत्रा उघडला. हार्ड डिस्कला जोडलेली रुंद चपटी केबल एका टोकाने निसटून लोंबत होती. ती दाबून बसवली. साडेचार हजार वाचले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे माझी भीती गेली.

तेव्हापासूनचं माझं एक ठाम मत आहे. ‘गेला’ हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो. मिक्सर गेला, रिमोट गेला, लॅपटॉप गेला. अहो, अख्खं यंत्र सहसा जात नाही. त्यातलं काहीतरी एक जातं. ते कोणतं, एवढंच शोधायचं असतं.

साधा मिक्सर घ्या. पुरणाचा किंवा ओल्या खोबऱ्याचा लोड आला आणि तो एकदम गप्प झाला, तर उलटा करून बघा. बऱ्याच मिक्सरना तळाशी एक छोटं, बहुतेक लाल बटण असतं. मोटर जळू नये म्हणून ते आपणहून बाहेर येतं. वायर काढा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, बटण दाबा. आमच्या मंडळात ही एक गोष्ट सांगितली त्या दिवशी तीन मिक्सर ‘जिवंत’ झाले! टीव्हीचा रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा त्याचा उजेड बहुतेक कॅमेऱ्यांत जांभळट चमकताना दिसतो. चमकला तर रिमोट ठीक, दोष टीव्हीकडे. नाही चमकला तर आधी सेल बदला.

कॉम्प्युटरचंही असंच. दुकानात जाऊन आपण विचारतो, ‘किती जीबीचा आहे?’ पण कशाचे जीबी? मी मैत्रिणींना स्वयंपाकघरातूनच सांगते. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली, वर्षाचं धान्य तिथे. रॅम म्हणजे ओटा. ज्यावर आत्ता काम चाललंय तेवढंच ओट्यावर. कोठी केवढीही मोठी असू दे, ओटा वीतभर असेल तर प्रत्येक डबा काढा-ठेवा करण्यातच दिवस जाणार. ‘फोटो फार झालेत म्हणून कॉम्प्युटर हळू चालतो’ असं वाटतं तेव्हा पुष्कळदा अडचण कोठीत नसते, ओट्यावर असते.

आणि कोठीचाही प्रकार असतो. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच्या गोल तबकड्या असतात, मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या. तिच्या जागी एसएसडी बसवली, की तिच्यात फिरणारं काही नसतं. सुरू व्हायला तीन मिनिटं घेणारा दहा वर्षांचा लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो. आमच्या चिरंजीवांना कॉलेजसाठी नवा लॅपटॉप हवा होता, तेव्हा मी जुन्यातच एसएसडी आणि रॅमची एक पट्टी वाढवून दिली. पाच हजारांच्या आत काम झालं. आठ दिवस तोंड फुगवून होता, नंतर मित्रांचे लॅपटॉप घेऊन माझ्याकडेच यायला लागला. (या सुट्या भागांचे भाव सोन्यासारखे वर-खाली होतात. २०२५ च्या शेवटी रॅम चांगलीच महागली. तेव्हा दोन दुकानांत विचारूनच घ्या.)

नवीन घेताना मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारते, ‘‘हा उघडता येतो का?’’ तो दचकतो. पण कागदासारखे पातळ, देखणे लॅपटॉप येतात ना, त्यातल्या पुष्कळांत रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. उद्या वाढवायची म्हटली तर वाढवता येत नाही. बॅटरी डिंकाने चिकटवलेली. दिसायला सुरेख, पण शिलाईला माया न ठेवलेल्या ब्लाउजसारखं! अंगाला घट्ट झालं की उसवून सैल करायची सोयच नाही. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केलं. दुरुस्ती हा हक्क आहे, हे निदान कागदावर तरी आलं. तो मागायला मात्र आपल्यालाच शिकावं लागणार आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. छंद असला तरी मर्यादा ठेवायची. वायर भिंतीतून काढल्याशिवाय काहीही उघडायचं नाही. मायक्रोवेव्ह, जुना पोटाचा टीव्ही आणि कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला बंद डबा, म्हणजे एसएमपीएस, हे तीन कधीच उघडायचे नाहीत. वायर काढल्यावरही त्यांच्यात वीज साठून राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही. आणि भिंतीतल्या सॉकेटचं तिसरं, मोठं भोक नुसतं शोभेला ठेवायचं नाही, अर्थिंग तपासून घ्यायचं. ही कामं जाणकाराचीच.

मर्यादा ओळखायला हवी, हे मी आज इतक्या ठामपणे सांगते, कारण एकदा मी ती ओळखली नाही. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं आणि गावभागात घराघरांत शिरलं. आम्ही विश्रामबागेत, थोडे उंचावर, म्हणून वाचलो. पाणी उतरल्यावर मंडळाच्या आम्ही सगळ्याजणी खराटे, फावडी घेऊन गावभागात गेलो. तिथे आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू राहतात. एकट्याच. काका जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. खालच्या खोलीत गुडघाभर गाळ. त्या गाळात टेबलाखाली त्यांचा कॉम्प्युटर.

काका भजन म्हणायचे. एकादशीला त्यांच्या घरी हार्मोनियम निघायची, आम्ही ऐकायला जायचो. त्या भजनांच्या कॅसेट मुलाने कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या आणि बुरशी आली म्हणून कॅसेट टाकून दिल्या होत्या. काकू चिखलात उभ्या. भांडी, गाद्या, धान्य कशाबद्दलच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘तू ती यंत्रं दुरुस्त करतेस ना? तेवढं ह्यांचं गाणं बघ बाई.’’

मी छातीठोकपणे म्हटलं, बघते की!

तो डबा घरी आणला, धुतला, दोन दिवस उन्हात वाळवला. हार्ड डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला जोडली. आतून आवाज आला, टिक... टिक... टिक. काढली, पुन्हा लावली. टिक, टिक. मला वाटलं, कुठेतरी सैल आहे. पाच-सहा वेळा तेच केलं. शेवटी आवाजही बंद झाला.

मग पुण्यात, बिघडलेल्या डिस्कवरून माहिती काढून देणाऱ्या एकांकडे पाठवली. त्यांनी उघडून बघितली आणि फोनवर शांतपणे समजावून सांगितलं. हार्ड डिस्कच्या तबकडीवर वाचणारी सुई टेकत नसते, ती केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते. डिस्क हवाबंद नसते, तिला श्वास घ्यायला बारीक छिद्र असतं. पुराच्या पाण्याबरोबर त्यातून गाळ आत गेला होता. मी वीज दिली, तबकडी फिरली आणि गाळाच्या कणांनी तिच्यावर ओरखडे उठले. जितक्या वेळा लावली तितके ओरखडे. ‘‘वाळवून, चालू करून बघितली नसती, तशीच आणली असती तर काही शक्यता होती, मॅडम,’’ ते म्हणाले.

काकूंना सांगायला गेले, तेव्हा पायऱ्यांवर दोनदा थांबले. त्या तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘असू दे गं. तू काय मुद्दाम केलंस? माझ्या कानात आहे अजून. नातवंडांच्या नसणार, एवढंच.’’

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नाही.

यंत्रातलं काहीतरी एक जातं, ते बदलता येतं, हे मला माहीत होतं. पण एक गोष्ट बदलून मिळत नाही, ती म्हणजे आत साठवलेलं आपलं आयुष्य. रॅम दुकानात मिळते, एसएसडी मिळते. काकांचा आवाज कुठल्या दुकानात मिळणार? यंत्र जपायला आपण कव्हर शिवतो, आतल्याची एक नक्कल मात्र काढून ठेवत नाही. आता मी भेटेल तिला सांगते. जे जपायचं ते दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असू द्या. लेकीच्या घरी, भावाकडे, नाहीतर इंटरनेटवरच्या जागेत. एकाच कपाटात दोन प्रती ठेवल्या तर पूर दोन्ही नेतो. पेनड्राइव्ह एकदा भरून लॉकरमध्ये ठेवला म्हणजे जन्मभराची सोय झाली, असंही नाही. वर्षानुवर्षं न वापरलेल्या पेनड्राइव्हमधलं पुसट होत जाऊ शकतं. म्हणून मी दिवसच ठरवून टाकलाय. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा करतो ना? त्याच दिवशी नवी नक्कल काढायची आणि जुनी उघडून बघायची. हळद-कुंकू त्यानंतर!

आणि हार्ड डिस्कमधून टिकटिक ऐकू आली, किंवा ती पाण्यात भिजली, तर हात मागे घ्या. चालू करू नका. ‘एकदाच बघते’ हा मोह आवरा.

तो स्क्रू ड्रायव्हर पुन्हा हातात आला २०२० मध्ये. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाइलवर आलं. आम्ही ज्या वस्तीत काम करतो तिथे घरात मोबाइल एक, तोही वडिलांचा. नववीतली एक मुलगी होती, वडील गवंडीकाम करायचे. लॉकडाऊन उठून काम सुरू झालं, तसा फोन सकाळी त्यांच्याबरोबर जायचा, तो रात्री नऊला यायचा. तोवर तास संपलेले, त्या दिवसाचा नेट पॅक भावाने संपवलेला. ‘‘ताई, मी पुढच्या वर्षी नाही बसणार शाळेत,’’ ती म्हणाली. भांड्यांची कामं धरणार होती.

मी मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला : ‘गेलेले’ कॉम्प्युटर, लॅपटॉप द्या. अकरा आले. दोघा-तिघांचे भाग एकमेकांत घालून सात चालू झाले. एकाची रॅम, दुसऱ्याची डिस्क, तिसऱ्याचा एसएमपीएस जसाच्या तसा उचलून. वाकळ शिवतात ना, तशी ती सात यंत्रं! त्यांच्यावर लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, कायदेशीर असतं आणि जुन्या यंत्राला पेलवतं. समाजमंदिराच्या खोलीत अभ्यासिका सुरू झाली. त्या मुलीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, ‘‘ताई, याच्या आत काय असतं?’’ तिला स्क्रू ड्रायव्हर दिला. आता ती पदविकेला आहे आणि दर रविवारी माझ्या मदतीला येते. माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे.

पुढच्या काळात अशी यंत्रं आणखी भंगारात निघतील. १४ ऑक्टोबर २०२५ पासून ‘विंडोज १०’ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा थांबला आणि बऱ्याच जुन्या कॉम्प्युटरवर ‘विंडोज ११’ चालत नाही. म्हणजे ते यंत्र मेलं का? नाही. त्यावर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या येणार नाहीत, म्हणून बँकेची कामं त्यावर नकोत, हे खरं. पण लिनक्स घालून एखाद्या मुलीच्या अभ्यासाला ते आणखी पाच वर्षं सहज चालेल. आणि खरंच निकामी झालेलं असेल तर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या. त्यासाठीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत. हातगाडीवर गेलेल्या वायरी बहुतेकदा तांब्यासाठी कुठेतरी उघड्यावर जाळल्या जातात. तो धूर ज्यांच्या नाकात जातो, ती आमच्याच वस्तीतली मुलं असतात.

तर, वहिनींचा तो डबा. रविवारी मुलगी आली. अभ्यासिकेसाठी डिस्क कोरी करून द्यायची होती. नुसतं ‘डिलीट’ केलं तर माहिती खरी जात नाही, म्हणून आम्ही नीट पुसूनच देतो. तिने सगळं जोडलं, बोट बटणावर नेलं आणि थांबली.

‘‘ताई, पुसायच्या आधी आत बघू का? कुणाचे फोटो असतील.’’

काकूंची गोष्ट मी तिला कधी सांगितलेली नव्हती.

आत ‘बारसं’ नावाचा एक फोल्डर होता. वहिनींच्या लेकीचं बारसं. पाळण्याशी वहिनींच्या सासूबाई, कुंची घातलेलं बाळ मांडीवर घेऊन हसताहेत. त्या आता नाहीत. पेनड्राइव्हवर घेऊन मी तो वहिनींना नेऊन दिला. ‘‘अगंबाई! हे त्यात होतं?’’ म्हणत त्या तिथेच दारात बसल्या. मग उठून आत गेल्या आणि माझे तीनशे रुपये परत आणून दिले. घेतले मी. त्यातूनच अभ्यासिकेसाठी चपटे सेल आणले.

मैत्रिणींनो, तुमच्याही माळ्यावर, पलंगाखाली असा एखादा ‘गेलेला’ डबा असेल. भंगारवाला खाली हाळी देत असेल. त्याला म्हणावं, थांब जरा. आधी बघू दे, नेमकं काय गेलंय आणि काय अजून आत आहे.